मोहाखालची झाडलेली वाट

चैत्र लागला की माझा फोन पाडाला आलेल्या आंब्याच्या झाडासारखा होतो. दिवसभर काही ना काही टपकत असतं. "काका, सागाचा पाला गळला का पूर्ण?" "काका, धरणाकडून चढायचं की तांड्याकडून?" "काका, बारा जण येऊन राह्यलो रविवारी, वाट कशी आहे?" विचारणारी पोरं पुसदची असतात, यवतमाळची असतात, हल्ली तर थेट पुण्याहून गाडीच्या टपावर सायकली बांधून येणारीही असतात. त्यांच्या सायकलींना पुढेमागे स्प्रिंगा, मनगटावर छातीतले ठोके मोजणारं घड्याळ. मी चष्मा कपाळावरून नाकावर घेतो आणि एका बोटानं उत्तर लिहितो. काळ्या रानातून जाऊ नका, भेगा पडल्यात, चाक आत गेलं की बाहेर काढायला दोन माणसं लागतात. तुरीची धसकटं अजून उभी आहेत, विळ्यानं तिरपी कापलेली, ती टायरला विचारून फाडत नाहीत. मुरमाच्या उतारावर पुढचा ब्रेक आहे हे विसरून जा. साडेपाचला निघा, नऊच्या आत सावलीत या. मग खाली अंगठे उमटतात, जोडलेले हात उमटतात आणि मी दिवसभर खुशीत असतो. डोंगरातल्या सायकलीचा जाणकार म्हणून या भागात माझं नाव घेतात. जाणकार कसा झालो हे अजून कुणी विचारलेलं नाही. कुणी त्या बाजूला वळलंच, तर मी गप्पा टायरातल्या हवेवर नेतो. पण आता डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांना जिनासुद्धा जपून चढायला सांगितलं आहे. जिन्यावरच थांबायचं असेल, तर निदान इथवर कसा आलो ते लिहून टाकलेलं बरं.

पुसदला आमचं घर म्हणजे पुढे शिलाईचं दुकान, मागे राहणं आणि मध्ये गिऱ्हाइकांच्या उरल्यासुरल्या कापडांचा जोडून शिवलेला पडदा. त्या पडद्यावर निम्म्या पुसदचे सदरे ओळखता येत. बाबांचं खास काम मात्र सदऱ्यांचं नव्हतं. ते बँडवाल्यांचे गणवेश शिवत. लाल साटीन, सोनेरी फीत, खांद्यावर झालर. फाल्गुन उतरला की एका बाजूनं जयंतीची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूनं लग्नसराई. महागावपासून बोरी अरबपर्यंतचे बँडवाले मापं द्यायला येत. ते येताना वाद्यं सोबत आणत, कारण ट्रम्पेट वाजवताना काखेत कापड आवळतं की नाही हे वाजवल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे आमच्याकडे मापं घेतानाही वरात निघाल्यासारखं वाटे. पहाटेपासून मशीनची खटखट सुरू व्हायची, आणि मागच्या अंगणात माय कुरड्यांसाठी गव्हाचा चीक हाटत बसायची. लाकडी चाटू गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, बुडाला लागला की घोगरा आवाज येई. पुढचा बारीक आवाज आणि मागचा घोगरा आवाज यांच्या बरोबर मधोमध मी झोपायचो. डोळे उघडले की वाटीत गरम चीक. मला दूध-साखर घालून, बाबांना वरून तिखट तेलाचा भुरका सोडून. बाबा मशीनचा पाय न थांबवता एका हातानं चीक खात. त्या काळात शिवलेल्या काही गणवेशांवर चिकाचे डाग असणार, पण वरातीत कोण पाहतं?

दुकानात दुसरी मशीन होती. ती माझ्यासाठी होती. तिच्यावर फडकं झाकलेलं असे, आणि जाता-येता बाबा त्या फडक्याकडे पाहत, मग माझ्याकडे पाहत. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात पहिल्या वर्षाला दुसऱ्यांदा. माझं लक्ष सायकलीत होतं. नागपूरच्या मामानं आपल्या मुलासाठी जाड टायरांची, गिअरची सायकल घेतली होती. पहिल्याच दिवशी तो तिच्यावरून थेट गटारात गेला. मामीनं ती पुन्हा घरात घेतली नाही, आणि अशा रीतीनं ती आमच्याकडे आली. अठरा गिअर, त्यातले पाच लागत, तेही त्यांच्या मर्जीनं.

"अठरा गिअर कायले पाह्यजे बे?" बाबा म्हणाले. "तुले पाय तर दोनच हायेत."

पण मला त्या सायकलीनं वेड लावलं. पौषात मी धरणाच्या मागचा डोंगर पहिल्यांदा सायकलीनं चढलो आणि तांड्याच्या बाजूनं उतरलो. थंडीत ती वाट काय सांगू! दवानं बसलेली माती, दोन्ही बाजूंना हिरवा साग, वळणावळणाचा उतार आणि खाली चकाकणारं पाणी. मी उतरताना एकटाच ओरडत होतो. आजही कुणी ओरडत उतरलं की मला बरं वाटतं. ब्रेक मारत गप्प उतरणाऱ्यांचा मला भरवसा वाटत नाही.

त्याच दिवसांत वर्तमानपत्रात चार ओळींची सूचना आली. नागपूरचं एक सायकल मंडळ उन्हाळ्याच्या सुरुवातीला चालवण्याजोग्या जंगलवाटा शोधत होतं. चांगली वाट दाखवील त्याला मंडळ चिखलदऱ्याच्या दहा दिवसांच्या मोहिमेवर सोबत नेणार होतं. दहा दिवस! नुसती सायकल! मी त्याच दुपारी पत्र लिहिलं. अर्जात शोभेल अशी भाषा वापरायची म्हणून लिहिलं, "सदर वाट बारमाही उत्तम असून मी तिचा संपूर्ण जाणकार आहे." मी त्या वाटेनं तेव्हा एकूण दोनदा गेलो होतो, आणि दोन्ही वेळा पौषच होता. मंडळाचे प्रमुख वैद्य सर म्हणून होते. त्यांचं कार्ड आलं, "चैत्रात चौघे येतो. आपण पुढे राहून वाट दाखवावी." मी ते कार्ड मायला वाचून दाखवलं, बाबांना वाचून दाखवलं, ट्रम्पेटवाल्यालाही दाखवलं.

बाबांनी मशीन थांबवली. सराईच्या तोंडावर त्यांनी मशीन थांबवणं म्हणजे मोठी गोष्ट. "हे पाह्य सुध्या," ते म्हणाले, "एक दिवस देतो तुले. त्या लोकायले वाट पसंत पडली, तर जाय चिखलदऱ्याले, मी आडवा येनार नाई. नाई पडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मशीनवरचं फडकं काढजो. मंग सायकलीचं नाव घ्याचं नाई सराई सरेलोक. हाव का नाई?"

"हाव," मी म्हणालो. मला वाटत होतं, फडकं काही निघत नाही.

पाहुणे यायला पंधरा दिवस होते तेव्हा मी वाट पाहायला गेलो आणि वाटच सापडेना. फाल्गुनात सागाचं काय होतं हे मी दरवर्षी पाहत आलो होतो, पण त्याचा माझ्याशी संबंध आहे हे तोवर कळलं नव्हतं. अख्खा डोंगर पानांखाली गेलेला. सागाचं पान म्हणजे सुपाएवढं, वाळलं की पापडासारखं. त्याचे चार-चार थर, आणि त्याखाली दगड आहे, मूळ आहे की खड्डा, हे पडल्यावरच समजणार. मला अकरा वेळा समजलं. पाला एवढा वाजत होता की डोंगरभर कुणीतरी मला हसतंय असं वाटत होतं. मी घरी आलो तो कोपरं सोलून. माय हळद लावताना म्हणाली, "वाट पाहाले गेलता का मोजाले?"

मग चार दिवसांनी पुन्हा गेलो, भर दुपारी, आणि चमत्कार! डोंगराच्या खांद्यापासून खाली नाल्यापर्यंत, पाल्याच्या त्या समुद्रात, स्वच्छ झाडलेली गोल गोल जागा. खळ्यासारखी सारवल्यागत गुळगुळीत. एक खळं, तिथून पायांनी तुडवून पक्की झालेली पायवाट, पुन्हा एक खळं, पुन्हा पायवाट. पान नाही, काडी नाही, खडा नाही. मी वेड्यासारखा त्या उतारावरून तीनदा गेलो. एका खळ्यातून सुटायचं, पायवाटेनं सरसर दुसऱ्यात यायचं, वळण घ्यायचं, तिसऱ्यात! असली वाट मुद्दाम आखली तरी साधली नसती. प्रत्येक खळ्याच्या मधोमध एकेक मोठं झाड होतं, ते मोहाचं आहे हेही मला दिसत होतं. पण ते दिसणं डोक्यापर्यंत पोचलंच नाही. मोह कसा वेचतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी पडलो पुसदच्या बाजारपेठेतला. मोहाचं फूल पहाटे गळतं, सकाळी वेचून होतं, आणि दुपारी जाणाऱ्या शहाण्याला फक्त झाडलेलं अंगण दिसतं, हे मला कोण सांगणार? मी काय समजलो ते आता लिहितानाही कान गरम होतात. मला वाटलं, पाहुणे येणार ही बातमी जंगलखात्यापर्यंत गेली आणि त्यांनी माझ्यासाठी वाट झाडून घेतली.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. बाबांनी आदल्या संध्याकाळी मला नवा सदरा दिला होता. उरलेल्या लाल साटीनचा, बाह्यांना सोनेरी फीत. "जंगलात हरपला तर दुरून दिसन," माय म्हणाली. मला तो फार आवडला. नागपूरचे चौघे मात्र मातकट रंगाच्या कपड्यांत होते. वैद्य सर बारीक, उंच, पांढऱ्या मिशीचे, कमी बोलणारे. त्यांनी माझा सदरा पाहिला आणि चष्मा पुसला. साडेपाचला निघालो. हवा अजून गार होती, पळस संपत आला होता, रस्त्यावर त्याच्या पाकळ्या सुकलेल्या. चढावर मी पुढे होतो आणि मागून येणाऱ्या चार दमदार श्वासांचे आवाज ऐकून माझी छाती साटीनमध्ये मावत नव्हती. खांद्यावर पोचलो तेव्हा उजेड झाला होता. पहिलं झाडलेलं खळं समोर दिसलं आणि वैद्य सर थांबले.

"वा!" ते म्हणाले. एवढ्या वेळात त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द. "भर चैत्रात, सागाच्या जंगलात, अशी वाट? कोणी झाडली ही?"

इथे माणसानं "माहीत नाही" म्हणायचं असतं. पाच अक्षरं जास्त नाहीत. पण मी म्हणालो, "आमच्या मंडळानं."

"असं? किती जण आहात?"

"पंचवीस-तीस. महिनाभर लागलो होतो."

मंडळ म्हणजे मी आणि माझी सायकल. त्यातही सायकल माझं सगळंच ऐकत होती असं नाही. पण वैद्य सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाकीच्या तिघांना म्हणाले, "पाहा, याला म्हणतात वाटेवर प्रेम करणं. चल सुधाकर, तू पुढे. तुझ्या मागे आम्ही डोळे मिटून सोडतो." मला चिखलदरा समोर दिसू लागला. मी सुटलो.

पहिलं खळं पिवळं होतं. दुपारी मातीच्या रंगाचं पाहिलेलं, आत्ता अख्खं पिवळसर, लोण्याच्या गोळ्यांनी भरल्यासारखं. वरून टप, टप असा आवाज येत होता आणि एक गोड, जड वास. मला वाटलं, काय शोभा आहे! आणि माझं पुढचं चाक त्या शोभेवर चढलं. ताज्या मोहफुलात रस किती असतो हे मला त्या क्षणापासून पाठ आहे. सायकल उजवीकडे गेली, मी डावीकडे गेलो, आणि अंगावरच्या साटीनमुळे जमिनीनं मला कुठेच अडवलं नाही. मी पाठीवर घसरत पहिलं खळं ओलांडलं, पायवाट ओलांडली, दुसऱ्या-तिसऱ्या खळ्यातली फुलं अंगाखाली घेतली आणि चौथ्यातल्या झाडाला पाय लावून थांबलो. मागचे खरोखरच डोळे मिटून सुटले होते. एक आला, दुसरा आला, तिसरा तर त्यांच्यावरून आला. वैद्य सरांनी शेवटच्या क्षणी ब्रेक मारला, त्यामुळे ते सायकलीशिवाय आले. चार झाडांखालची फुलं आमच्याखाली चिरडली गेली होती.

आम्ही एकमेकांची हाडं विचारत होतो, तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. कुणीतरी डबा बडवत होतं. "अस्वल! अस्वल आलं वं!" पाला तुडवत एक म्हातारी वर आली, एका हातात काठी, दुसऱ्यात खराटा, आणि तिच्यामागे डबा बडवणारी तिची सून. ही धानीबाई. बंजाऱ्यांच्या तांड्यातली, ओढणीला आरसे, हातभर बांगड्या, आणि तेव्हाही तोंडात मोजके दात. खालच्या नाल्यापासून फुलं वेचत त्या दोघी वर चालल्या होत्या, आणि आम्ही वरून खाली आलो होतो. मोहाला अस्वल येतं, तसं आलं समजून त्या धावत आल्या. धानीबाई माझ्यासमोर उभी राहिली. लाल साटीन, सोनेरी फीत, अंगभर पिवळा चिखल.

"अस्वल लाल कवापासून झालं वं?" तिनं सुनेला विचारलं.

सून ओढणीत तोंड घालून म्हणाली, "अस्वल नोहे. बँडवाला हाय. याची वरात पाहा कुठं पडली."

"वरात बी हाय. ते पाह्य, चार झन." मग तिची नजर जमिनीवर गेली आणि चेहऱ्यावरचं हसू एकदम पुसलं गेलं. एक झाड, दुसरं झाड, तिसरं, चौथं. तिनं वाकून एक फूल उचललं, त्यात रुतलेले खडे पाहिले आणि टाकून दिलं. "गेलं," ती म्हणाली. "हे वाळत नाई आता. काळं पडते. माह्या सासूच्या हातचे झाडं हायेत हे. या जागेवर आमी चपला घालून बी येत नाई, अन् तुमी चाकं घालून राह्यले!"

वैद्य सर लंगडत पुढे आले. हात जोडून म्हणाले, "मावशी, आमची चूक झाली. आम्हाला वाटलं, ही वाट यांच्या मंडळानं आमच्यासाठी झाडली."

"कोन्तं मंडळ?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं. वरून एक फूल माझ्या नाकावर पडलं. धानीबाईनं क्षणभर मला न्याहाळलं आणि हातातला खराटा माझ्यासमोर धरला.

"घे, छोरा. मंडळ झाडते तसं झाड बरं."

मी खराटा घेतला. मला अजून वाटत होतं की सुटू. खळ्याच्या कडेला वाऱ्यानं थोडा पाला आला होता, तो मी जोरात झाडायला लागलो. खालून वर. जितका वर लोटावा तितका तो उतारानं परत माझ्या पायाशी येई, आणि वर धूळ अशी उठली की नागपूरचे चौघे खोकू लागले. मी आणखी जोर केला. पाला आणखी खाली आला. सून आता डब्यावर डोकं टेकून हसत होती.

"यानं जिंदगीत अंगन बी झाडलं नसन," धानीबाई म्हणाली. तिनं खराटा काढून घेतला, वरच्या बाजूला गेली आणि हलक्या हातानं, माती न उठवता, चार फराट्यांत ती कड खाली साफ करत आणली. उतारावर वरून खाली झाडतात. हे एका वाक्यात लिहून होतं, पण मला त्या वेळी भर चौकात सदरा काढल्यासारखं झालं.

"मी नाही झाडली, सर," मी म्हणालो. "मंडळ पण नाही. मी एकटाच आहे."

वैद्य सरांनी बूट काढले, मोजे काढले, बूट नीट पायवाटेच्या कडेला ठेवले आणि अनवाणी पाचव्या झाडाखाली उकिडवे बसून फुलं वेचू लागले. मग बाकीचे तिघे बसले. मग मी. ऊन अंगावर येईस्तोवर आम्ही पाचजण टोपल्या भरत होतो, आणि धानीबाई आमच्यामागून फिरत राहिलेली फुलं दाखवत होती, "हे राह्यलं. हे कोन वेचीन, तुहं मंडळ?" वेचून झाल्यावर तिनं ओढणीच्या टोकातून भाजलेला मोह आणि तीळ कुटून केलेले बारके लाडू काढले आणि सगळ्यांना दिले. मलाही दिला. इतका गोड, इतका धुरकट लाडू मी त्यानंतर खाल्ला नाही, आणि तो गिळायला इतका जड गेलेलाही दुसरा आठवत नाही.

फाट्यावर वैद्य सर थांबले. "सुधाकर, चिखलदऱ्याला मी तुला नेऊ शकत नाही. पडलास म्हणून नाही, पडतो आम्ही सगळेच. पण उतारावर पुढचा जे सांगतो त्यावर मागचे स्वतःला सोडून देतात. पुढच्याला माहीत नसेल, तर त्यानं तसं म्हणायचं असतं." एवढं बोलून ते गेले. मी सायकल हातात धरून पुसदमध्ये शिरलो. अंगाला मोहाचा असा वास येत होता की बाजारातली माणसं बाजूला होत होती, आणि एका ओळखीच्या पेताडानं मला प्रेमानं सलाम केला.

माय दारातच थबकली. "पिऊन आला का रे तू?" बाबांनी मशीन थांबवली. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा. मी सगळं सांगितलं, मंडळासकट, खराट्यासकट. मला वाटलं, आता फडकं. बाबा उठले, माझ्या सदऱ्याची बाही हातात घेऊन डाग पाहिला, शिवण पाहिली. शिवण कुठेच उसवली नव्हती, याचं त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

"मशीनवर तर तू बसशीनच," ते म्हणाले. "पन दुपारून. सकाळी तिथं जाय. चार झाडायची एका दिवसाची फुलं नासवली ना? मंग चार दिवस वेचू लाग तिले. अन् झाडनं शिक. शिवनं मी शिकवीन."

असे ते चार दिवस. साडेपाचला धानीबाईच्या झाडांखाली आणि बाराला दुसऱ्या मशीनवर. पहिल्या दिवशी तिनं माझ्याशी सरळ बोलणं टाळलं, "मंडळ आलं" एवढंच सुनेला सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आव, बेस," आणि लाडू दिला. तिसऱ्या दिवसापासून मी विचारत सुटलो. ती वेचता वेचता सांगायची. पाल्यावर पाय ठेवण्याआधी काठी मारून ऐकायचं, खाली माती असेल तर खसखस होते, दगड असेल तर पान टणक वाजतं, पोकळ असेल तर आवाज आत जातो. नाल्याच्या डाव्या काठानं जाऊ नको, तिथला मुरूम उन्हानं सुटतो. वारा धरणाकडून असला की पाला वाटेवर येतो, तांड्याकडून असला की वाट आपोआप उघडते. मोह सरला की झाडलेल्या जागा पंधरा दिवस तशाच राहतात, तेव्हा जायचं. त्याआधी गेलंच तर झाडाच्या वरच्या अंगानं, सायकल हातात धरून, अनवाणी. मी ते सगळं बँडवाल्यांच्या मापांच्या वहीत लिहून घेत होतो. चौथ्या दिवशी परतताना मी ती वाट सायकलीवरून, एकदाही न पडता उतरलो. ओरडत. मागून धानीबाई ओरडली, "अस्वल गेलं वं!"

त्या वहीवरून मी वैद्य सरांना दुसरं पत्र लिहिलं. त्यात बारमाही नव्हतं, सदर नव्हतं. कोणता उतार कधी चालतो, कुठे चालत नाही, मोह कधी सरेल, बूट कुठे काढायचे, आणि ज्या दोन जागा मला माहीत नव्हत्या तिथे 'माहीत नाही' असं लिहिलं. हे सगळं मला कोणी सांगितलं तेही लिहिलं. उत्तर आलं नाही. दिवस जात राहिले. मी मशीनवर गणवेश शिवत होतो, आणि त्यातल्या एकाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. तो ढोलवाल्यानं घातला आणि त्याला म्हणे हात उचलायला सोपा गेला.

वैशाखात एका सकाळी नऊच्या सुमाराला दुकानापुढे चार सायकली थांबल्या. धुळीनं माखलेले वैद्य सर आत आले. त्यांच्या खिशात माझं पत्र होतं, घामानं मऊ झालेलं. ते न कळवता आले होते, पत्र वाचत उतरले होते, आणि धानीबाईला भेटूनही आले होते. मी मशीनवरून उठलो.

"एक चूक आहे," ते म्हणाले. "तिसऱ्या वळणावरचा दगड तू डावीकडे लिहिलास. तो उजवीकडे आहे."

"अन् बाकी?"

"बाकी आम्ही डोळे मिटून सोडलं." बाबांनी तिसऱ्यांदा मशीन थांबवली आणि मायला आतून चीक आणायला सांगितलं. चिखलदऱ्याची मोहीम तेव्हा होऊन गेली होती. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो लग्नानंतर, एसटीनं, आणि बायकोला गाडी लागली. पण तो दगड उजवीकडे आहे हे मी अजून कुणाला चुकीचं सांगितलेलं नाही.

आज सकाळी त्या बारा पोरांसाठी मी तांड्यात फोन लावला. धानीबाई आता नव्वदीची, खाटेवर असते, फोन सून तिच्या कानाला धरते. "मोह सरला का?" मी विचारलं.

"वरचे चार राह्यले, आठ रोजानं सरते. वारा धरनाकून हाय. कोन येऊन राह्यलं, मंडळ?"

"हाव, बारा झनं."

"लाल नेसू नोको म्हना," ती म्हणाली, आणि सुनेचं हसू मला मागून ऐकू आलं.

मी पोरांना लिहिलं, हा रविवार नको, पुढचा घ्या, वरची चार झाडं हातात सायकल धरून ओलांडा, बूट काढून. अंगठे आले, जोडलेले हात आले. मग पुण्याच्या एका पोरानं गेल्या वर्षीचा फोटो टाकला, खळ्यातून खळ्यात जाणारी ती स्वच्छ वाट, आणि खाली विचारलं, "काका, एवढी भारी ट्रेल क्लिअर कोण करतं? तुम्हीच ना?"

माझं बोट काचेवर थांबलं. पन्नाशी ओलांडून बरीच वर्षं झाली, पण बोटानं 'आमच्या मंड' इथपर्यंत लिहिलंच होतं. मग ते एकेक अक्षर मागे खोडत गेलो आणि लिहिलं, "धानीबाई. मी एकदा झाडून पाहिलं होतं. खालून वर."